माया

फ्रायरगेटच्या उतारावर, चावीवाल्याच्या शेजारी
आमचं ऑल्टरेशनचं दुकान. सहा फूट रुंद.
एक मशीन, एक हीटर,
आणि एक आरसा, जो प्रेस्टनमध्ये कुणालाच आवडत नाही.

शनिवारी दुपारी बायका पिशव्या घेऊन येतात.
एकीच्या तीन पँटी, तीन दुकानांतल्या,
तिन्हींवर बारा लिहिलेलं.
मी टेप लावते :
एक एकोणतीस, एक साडेतीस,
तिसरी सरळ बत्तीस इंच.
"मग मी नक्की कुठली?" ती विचारते,
जशी काही मी तिची पत्रिका मांडून बसलेय.
मी म्हणते, उंची तेवढी सांगा,
बाकीचं दुकानदाराच्या मनावर.

मिरजेला शिवण शिकले तेव्हा नंबर नव्हताच.
बायका मापाला जुना ब्लाऊज आणून टाकायच्या,
काखेत विटलेला, हुक तुटका,
"ह्याच्याहून बोटभर सैल" एवढं बोलून
भाजीला निघून जायच्या.
बोट कुणाचं, तेही कधी ठरलं नव्हतं.
बसायचा पण.
नाही बसला तर शिव्या मला पडायच्या,
त्यांच्या कमरेला नाही.

इथं कापड चुकतं
आणि बाई पडद्याआड स्वतःलाच बोल लावते.

मॉरीन हेस्केथ आणि तिची धाकटी बहीण डोरीन,
मार्केट हॉलमध्ये चीज विकायच्या, चाळीस वर्षं.
डोरीन जन्माची सोळा.
जानेवारीत चौदाची शपथ,
पॅनकेकच्या दिवसापर्यंत मोडलेली.
गेल्या फेब्रुवारीत ती आली ती निळा ड्रेस घेऊन,
नव्या दुकानातला, लेबल बाहेर ओढून धरलेलं,
लॉटरीचं तिकीट लागल्यासारखं :
"दहा! बघ तरी, दहा!"
मागे मॉरीन उभी.
मॉरीननं माझ्याकडे बघितलं. मी टेपकडे.

सोळाचे दहा. त्यातली एक पायरी दुकानाच्या गोड बोलण्याची,
उरलेल्या दोन आजाराच्या.
मला इंचात सांगता आलं असतं.
म्हटलं, "छान दिसतोय. खांद्यात जरासा घेऊ."

एप्रिलमध्ये पुन्हा घेतला. मेमध्ये कमरेला.
दर वेळी ती अधिकच खूश.
केक खाऊनसुद्धा, म्हणायची, केक खाऊनसुद्धा गं!
तोंडात टाचण्या असल्या की बरं असतं,
बोलावं लागत नाही.

जूनमध्ये मॉरीन एकटी आली, तोच ड्रेस घेऊन.
अंत्यविधीवाला म्हणाला होता, मागून टाचण्या लावतो,
समोरून कळणार नाही.
"मी म्हटलं, टाचण्या नकोत तिला."
मी उसवायला घेतला.
आत शिवणीशिवणीत दुमडलेलं कापड,
दोन बोटं, तीन बोटं,
खांद्याला, काखेखाली,
कमरेला तर चांगलं मूठभर.
मॉरीननं चाचपून बघितलं.
"एवढं कशाला ठेवलंस आत?
काप ना. आता कुठे वाढणार आहे ती."

सांगणार होते तिला, की आमच्याकडे
ह्या जादा कापडाला एक शब्द आहे,
वाढत्या पोरींच्या फ्रॉकमध्ये आया तो
शिंप्याशी भांडून ठेवून घेतात.
पण इंग्रजीत त्याला भत्ता म्हणतात,
पगारातला असतो तसा.
राहिलं सांगायचं.

कात्री उचलली. खाली ठेवली.
ती तीन बोटं आणखी आत दुमडली,
बारीक टाके घातले,
इस्त्रीनं दाबून दाबून चपटी केली,
बाहेरून कुणाला दिसू नयेत अशी.

"लेबल काढू?"
"राहू दे," मॉरीन म्हणाली. "दहाचंच राहू दे."
मग पर्स उघडून विचारलं, किती झाले.